काळेवाडीतला आमचा पहिला तारा

काल नातवासाठी मैद्याची खळ शिजवली आणि त्या कोमट वासाने मी कितीतरी वर्षं मागे गेलो.

तेव्हा चाकणच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही श्रीरामपूरहून काळेवाडीत राहायला आलो होतो. चाळीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. नाताळच्या आदल्या दिवशी माझी आठ वर्षांची रूथ ‘तारा करू’ म्हणून मागे लागली. शेजारच्या सलमाला आणि गणेशलाही तिनेच बोलावून आणलं. मी बांबूच्या कामट्या बांधल्या, मुलांनी लाल पतंगी कागद चिकटवला. तिघांचे हात कोपरापर्यंत खळीने माखले. ताऱ्याचं एक टोक जरा आखूडच झालं.

“आतच लावू,” मी म्हणालो. वस्ती नवी, लोक काय म्हणतील याची धास्ती होती.

“पप्पा, तारा कधी घरात असतो का?”

मी तो दाराबाहेर टांगला. आतला बल्ब लागला, तसे समोरचे काका हसून म्हणाले, “अहो, दिवाळी होऊन गेली की!”

मी काही बोलायच्या आत रूथ पुढे झाली. “काका, हा आमच्या नाताळचा तारा आहे. आम्ही तिघांनी केलाय. उद्या केक खायला या!”

काका खरंच आले, सगळ्या घराला घेऊन.

पोर धीट आहे, एवढंच तेव्हा वाटलं होतं. खरं तर इथे आल्यापासून मी स्वतःचं ख्रिस्ती नाव सांगतानाही आवाज खाली घ्यायचो. त्या संध्याकाळनंतर कधीच घेतला नाही, हे आज अभिमानाने सांगतो.