जिभेवरची वीज

हिंगणघाटच्या बाजूने विजेचे खांब वडनेरकडे सरकू लागले, तसं गाव हरखून गेलं. शाळेतल्या सुलोचनाबाई मात्र धास्तावल्या. त्यांचा धाकटा भाऊ मधुकर वर्ध्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. ओल्या हाताने यंत्राचं बटण दाबायला गेला आणि शॉक लागून जागीच गेला. त्यानंतरच बाईंनी वडनेरला बदली मागून घेतली होती. इथे वीज नव्हती. भावाबद्दल गावात त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

पण आता वीज येणार होती, आणि नुसतं ‘हात लावू नका’ म्हटल्याने पोरं थोडीच ऐकणार? बाईंनी टॉर्चचे तीन सेल, एक इवलासा बल्ब आणि तार आणली.

तिसरीची पोरं गराडा घालून बसली. सेल आणि बल्ब तारेने जोडून बाईंनी तार मध्येच तोडली आणि तिथे खिळा टेकवला. बल्ब लागला. पळाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काडीने लागला नाही. सखूने हातातलं चांदीचं कडं काढून दिलं, तर बल्ब असा लखलखला की वर्ग ओरडलाच. मग जंगलूची पोरगी धुरपता पुढे झाली. एरवी तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिने सुती दोरा पाण्यात बुचकळून लावला. बल्ब ढिम्म.

“बाई, पान्यातून वीज जात नाई,” ती म्हणाली. “मंग ओल्या हातानं तार धरली तं काई होत नाई नं?”

पोरीचं काय चुकलं? डोळ्यांना दिसलं तेच ती बोलत होती. रागावून उपयोग नव्हता.

बाईंनी तारेची दोन टोकं आधी स्वतःच्या जिभेला टेकवली, मग धुरपताच्या.

“अवं माय! मुंग्या चावून राह्यल्या!”

“बल्बाला नाही कळलं, ते ओल्या जिभेला कळलं बघ. पाण्यातून वीज जाते, पण बल्ब लागण्याइतकी नाही. ही नुसती तीन सेलांची. खांबावरची माणसाला सोडत नाही.”

“तुमाले कसं माहीत, बाई?”

बाई खाली पोरांमध्येच बसल्या आणि भावाचं सगळं सांगितलं.

“नाव काय होतं त्याईचं?” धुरपताने हळूच विचारलं.

“मधुकर,” बाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी ते नाव त्यांच्या ओठांवर आलं होतं.