सिस्टरच्या हातातलं पिल्लू

ज्योत्स्ना थूल हे नाव सेवाग्रामात फार कुणाला ठाऊक नव्हतं. पण 'पेटीवाल्या सिस्टर' म्हटलं, की कुणीही त्यांच्या दारापर्यंत आणून सोडी. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, ओंजळीत मावणारी बाळं दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवतात. त्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झाली. बाजारात एखादा मिसरूड फुटलेला पोरगा अचानक वाकून पाया पडे आणि मागून त्याची आई म्हणे, "सिस्टर, हाच तो. तुमच्या पेटीतला."

निवृत्त झाल्यावर आधी त्या पोटभर झोपल्या. मग घर घासायला घेतलं. स्वयंपाकघरातले डबे तिसऱ्यांदा उतरवले, तेव्हा एसटीची ड्रायव्हरकी करून घरी बसलेले कैलासराव वैतागले. "अवं, डब्यांची कातडी निघन आता!"

शेजारच्या सीताबाई गावरान कोंबड्या पाळत. त्या वर्षी त्यांची एकही कोंबडी खुडूक बसेना. "अंडी लय हायेत, पन उबवाले कोनी नाई," त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या. ज्योत्स्नाबाईंच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी दोघं वर्ध्याला गेली. दुकानदारानं आधी थर्माकोलचा डबा पुढं केला. आत एक बल्ब, एक छोटा पंखा. स्वस्त होता. ज्योत्स्नाबाईंनी झाकण उघडून आत हात घातला आणि विचारलं, "लाईन गेली तर हे किती वेळ गरम राह्यते?"

"राह्यते न, मॅडम. थोडा वेळ."

"आन् ओलावा किती, ते कुठं दिसते?"

दुकानदारानं आतून दुसरं मशीन आणलं. दुहेरी भिंतींचं, वर पारदर्शक झाकण, अंडी आपोआप फिरवणारं, ओलाव्याचा आकडा दाखवणारं, लाईन गेली की बॅटरीवर चालणारं. तापमान घसरलं तर ओरडतं का, ते त्यांनी दुकानातच झाकण उघडं ठेवून तपासलं. कैलासराव एव्हाना बाहेर जाऊन उभे राहिले होते.

घरी आल्यावर मशीन आधी रिकामंच चालवलं. त्याच्या आकड्यावर त्यांचा भरवसा नव्हता. कपाटातला ताप मोजायचा थर्मामीटर आत ठेवला तेव्हा मशीन अर्धा डिग्री कमी सांगतंय असं निघालं. तेवढं तापमान उतरवलं आणि मग सीताबाईंची बारा अंडी आत ठेवली.

आठवड्यानं न्हाणीघरात अंधार करून एक अंडं मोबाईलच्या उजेडावर धरलं. आत लाल शिरांचं जाळं पसरलं होतं आणि मधे एक ठिपका धडधडत होता. ज्योत्स्नाबाई उपड्या बादलीवर मटकन बसल्या.

"काऊन? फुटलं का?" कैलासराव बाहेरून ओरडले.

"धडकून राह्यलं हो," त्या म्हणाल्या. किती हृदयांचे ठोके त्यांनी बोटाखाली मोजले होते; पण ती बाळं दुसऱ्याच्या पोटातून त्यांच्याकडे यायची. हे काल-परवा सीताबाईंच्या टोपल्यात होतं. पोळ्यांच्या पिठाशेजारी ठेवलेलं असतं तसं अंडं.

तीन आठवडे भरले त्या दिवशी सकाळी एका अंड्याला चीर गेली. चोचीचं टोक दिसलं. आतून चिवचिव ऐकू आली. ज्योत्स्नाबाईंनी खुर्ची मशीनपाशी ओढली. दुपारपर्यंत चीर तेवढीच राहिली. चिवचिव आधी विरळ झाली, मग थांबली.

"थकलं ते," त्या म्हणाल्या.

"झोपलं असन. थांब न थोडं."

"थांबू? वॉर्डात असं थांबलो असतो तर एक बी लेकरू घरी गेलं नसतं."

त्यांनी हात धुतले. कोपरापर्यंत, तसेच, जसे नोकरीभर धुतले. कोमट पाण्यात कापूस भिजवला, चिमटा उकळला. झाकण उघडलं आणि अंडं तळहातावर घेतलं. कवचाचा एक तुकडा निघाला, दुसरा निघाला. खाली पांढरा पापुद्रा होता. तो त्यांनी अलगद उचलला.

रक्त आलं.

थेंब नव्हे; पापुद्र्याच्या कडेनं ते पसरत गेलं, कापूस लाल झाला, बोटांच्या फटीतून मनगटावर उतरलं. एवढ्याशा जिवात एवढं रक्त असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पिल्लानं एकदा मान उचलली आणि टाकली. त्यांनी कापूस दाबून धरला, दोन बोटांनी त्याची पाठ चोळली, छाती हलकेच दाबली. बोटं सवयीनं सगळं करत राहिली. पिल्लू मऊ पडत गेलं.

कैलासरावांनी पुढं होऊन आधी मशीनचं झाकण लावलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. ज्योत्स्नाबाई रडत नव्हत्या. तळहात तसाच पुढं धरून उभ्या होत्या, जणू कुणीतरी येऊन ते घेऊन जाणार होतं.

"नाळ होती हो ती," त्या म्हणाल्या. "त्या पापुद्र्यातलं रक्त अजून त्याच्या अंगात जायचं होतं. त्या दिवशी शिरा मीच पाह्यल्या होत्या उजेडावर. मले कळाले पायजे होतं. आनखी कोनाले कळन? मी मारलं त्याले."

"तू वाचवाले गेलती."

"तेच तं म्हनतो मी." "वाचवाले गेलती अन् मेलं. असं मह्या हातून कधी झालं नाई हो."

कैलासरावांनी परसात कढीपत्त्याखाली खड्डा केला. पिल्लू ठेवताना ज्योत्स्नाबाई आल्या नाहीत. त्या सीताबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या, पदराखाली दोन्ही हात घट्ट धरून. सीताबाईंनी चहा दिला. तो तसाच निवला. काय झालं ते ऐकून सीताबाई एवढंच म्हणाल्या, "मले तं वाटे, तुमाले सगळं येते," आणि आपण भलतंच बोललो हे लक्षात येऊन घाईनं कप उचलून आत गेल्या.

संध्याकाळी कैलासरावांनी घरातून हाक मारली. आवाज असा होता की ज्योत्स्नाबाई चप्पल न घालता धावल्या. मशीनमधे एक ओलंगिच्च, चिकट पिल्लू कवचातून अर्धं बाहेर पडलं होतं. ते लोळत होतं, थांबत होतं, मेल्यासारखं पडून राहत होतं आणि पुन्हा पाय झाडत होतं. प्रत्येक वेळी ते पडलं, की ज्योत्स्नाबाईंचा हात झाकणाकडे जाई. शेवटी त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"सांगा मले काय होते ते. मी पाहत नाई."

"पडलं," कैलासराव म्हणाले. "उठलं. पडलं. अवं, उठलं!"

दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत आठ पिल्लं बाहेर आली. तीन अंडी फुटलीच नाहीत. वाळून कापसासारखी झालेली पिल्लं पाहायला आळीतली बायापोरं आली, कुणी फोटो काढले, कुणी 'सिस्टरचा हातगुणच तसा' म्हणालं. ज्योत्स्नाबाईंनी ते वाक्य ऐकलं आणि त्या आत निघून गेल्या.

दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा अंडी लावली. सगळं स्वतः केलं. तापमान, ओलावा, अंधारात धरून पाहणं. पण तिसरा आठवडा संपत आला तेव्हा पिशवी भरली आणि नागपूरची बस धरली. लेक अपेक्षा दार उघडून पाहतच राहिली.

"आई, अशी अचानक? बरं नाई का?"

"बरी हाओ. दोन दिस राह्यतो."

दुपारी कैलासरावांचा फोन आला. एका अंड्याला चीर गेली होती आणि बराच वेळ हालचाल नव्हती. काय करू, ते विचारत होते. ज्योत्स्नाबाई ताडकन उठल्या, चपलेत पाय घातला, पुन्हा काढला.

"हात नोका लावू," त्या म्हणाल्या. "तुमी बी बाहेर जाऊन बसा."