दर्शना एंटरप्रायझेसची मालकीण

महाडच्या एमआयडीसीत दर्शना एंटरप्रायझेस हे नाव बऱ्याच जणांना माहीत होतं, पण मालक कोण म्हणून विचारलं तर लोक किशोरकडे बोट दाखवायचे. किशोर म्हणजे दर्शनाचा नवरा. तो एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअरला नोकरीला होता आणि त्याच कारखान्याला झाडलोटीसाठी, गोणी भरायला माणसं पुरवायचं कंत्राट त्याला हवं होतं. कंपनीच्या नोकराला कंपनीचं कंत्राट घेता येत नाही, असा नियम. मग परवाना बायकोच्या नावाने निघाला. कारखान्याच्या मॅनेजरला हे ठाऊक होतं आणि त्याची काही हरकत नव्हती.

दर्शना पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाडीतली, बारावी शिकलेली. रबरी शिक्क्यावर आपलं नाव पाहून तिला सुरुवातीला बरं वाटलं होतं. सह्या तिच्या, माणसं, हजेरी, साहेबांशी बोलणं, सगळं किशोरकडे. करार मात्र तिने शब्द लावत लावत सबंध वाचला होता. कामगाराला काही इजा झाली तर संपूर्ण जबाबदारी कंत्राटदाराची, असं त्यात होतं. कंत्राटदार म्हणजे मीच ना, असं तिने विचारलं, तेव्हा किशोर हसला. असं सगळ्यांच्याच करारात असतं, म्हणाला.

एक काम ती स्वतः करायची. माहेरच्या वाडीतल्या माणसांना कामाला लावायची. वाडीतली निम्मी घरं मुंबईला गेलेली, आणि उरलेल्यांना महाड जवळचं. मंगेशला तिनेच आणलं. तो तिच्या चुलत्याचा शेजारी, लहानपणापासून तिला ताई म्हणणारा. मुंबईत कुरिअरच्या गोदामात काही वर्षं काढून, कंटाळून परत आला होता. त्याची बायको सारिका तेव्हा म्हणाली होती, "ताई, तुझ्याकडं कामाला हाय म्हंजे मला घोर नाय."

दिवाळीच्या तोंडावर मंगेशला कारखान्यातली रसायनाची एक टाकी धुवायला आत उतरवलं. टाकीचं काम करारात कुठेच नव्हतं. तोंडाला मास्क नाही, आतली हवा कुणी तपासलेली नाही. वरच्याने हाक मारली तर उत्तर येईना. दोर लावून वर काढला तेव्हा तो शुद्धीत नव्हता. मुंबईच्या इस्पितळात कितीतरी दिवस पडून राहिला. जीव वाचला, पण फुफ्फुसं कायमची अधू झाली. चार पावलं चालला की धाप लागायची.

दर्शनाने किशोरला खोदून खोदून विचारलं, तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. टाक्या साफ करणारी एजन्सी वेगळी होती, तिची माणसं आठवडाभर मोकळी नव्हती. माल अडला होता. मॅनेजरने किशोरला सांगितलं, तुझ्यातला एखादा उतरव. किशोरने मंगेशला फोन केला. तासाभराचं तर काम, असं त्याला वाटलं होतं. हे सांगताना त्याने मान वर केली नाही.

थोड्याच दिवसांत कंपनीच्या वकिलाने दोघांना बोलावून घेतलं. त्याच्यासमोर दर्शनाच्या नावाचा जबाब टाइप करून तयार होता. मंगेशला टाकीजवळ जायला मनाई केली होती, तरी तो कुणाला न विचारता आपणहून उतरला, असा त्याचा सारांश. वकील गोड बोलत होता. मंगेशला माणुसकीच्या नात्याने काहीतरी देऊ, तुमचं कंत्राटही पुढे चालू राहील, असं तो समजावत होता. "वहिनी, तुमची सही झाली की विषय संपला."

"आणि मंगेश काय सांगेल?" दर्शनाने विचारलं.

त्याला त्या दिवशीचं फारसं आठवत नसणार, असं वकील म्हणाला.

विचार करून सांगते म्हणून ती उठली. बाहेर आल्यावर किशोरचा तोल गेला. खरं सांगितलंस तर माझी नोकरी जाईल, वर खटला. आणि तुझ्या वाडीची सगळी माणसं घरी बसतील, त्यांना काय तोंड दाखवशील? हे शेवटचं तिला लागलं, कारण ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच माहेरी गेली. रस्त्यापासून घरापर्यंतची चढण मंगेशला चढवेना, म्हणून गावकऱ्यांनी त्याला खुर्चीत बसवून वर आणलं होतं. तो पडवीत उशीला टेकून बसला होता. सारिकाने सांगितलं, कंपनीची माणसं येऊन गेली, पाकीट ठेवून गेली. चूक माझीच, असं ह्यांनी बोलायचं, असं ती माणसं म्हणत होती. पाकीट तिने उघडलंही नव्हतं.

मंगेश थांबत थांबत बोलला. "ताई, मी आपनहून गेलो नाय. किशोरदाजींचा फोन आला म्हनून गेलो. पन तुझ्या घराचं बी वाईट व्हायला नको. तू सांगशील तसं मी सांगन."

त्याने रागावून चार शब्द सुनावले असते तर बरं, असं तिला वाटलं. ती चहा न घेताच खाली उतरली.

कारखाना निरीक्षकांनी जबाबाला बोलावलं तेव्हा तिने किशोरला बरोबर घेतलं नाही. फर्म नक्की कोणाची, हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता. नुसतं नाव माझं, मला काही माहीत नाही, असं म्हणून ती सुटू शकली असती. निम्मं खरंही होतं ते.

"फर्म माझी आहे," ती म्हणाली. "करारावर सही माझी आहे. टाकीचं काम त्यात नव्हतं. मंगेशला उतरायला माझ्या नवऱ्याने सांगितलं आणि त्यांना मॅनेजरने."

निरीक्षक लिहायचे थांबले. याने तुमच्यावरही खटला होऊ शकतो, कळतंय ना, असं त्यांनी विचारलं. तिने मान डोलावली.

दुसऱ्याकडून कळायला नको, म्हणून घरी येताच तिने किशोरला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. "मॅनेजरचं नाव घेतलंस तेवढं पुरे नव्हतं? माझं कशाला?" एवढंच त्याने विचारलं. हा विचार तिनेही केला होता. पण मॅनेजरने मंगेशला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मधला फोन गाळला तर मंगेश आपणहून उतरला, हेच खरं ठरलं असतं.

त्यानंतर सगळं झरझर झालं. मॅनेजरची दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात बदली झाली. किशोरला निलंबित केलं. कंत्राट रद्द झालं. वाडीतली माणसं घरी बसली, काहींनी पुन्हा मुंबईची वाट धरली. शिमग्याला दर्शना वाडीत गेली तर पालखीपुढे उभ्या असलेल्या बायका तिच्याशी बोलल्या, पण तोंडदेखल्या.

मंगेशने भरपाईसाठी दावा लावला. कायद्याने त्यात कंपनीसोबत दर्शनाही विरुद्ध बाजूला आली. तारखेला मंगेशच्या वतीने सारिका यायची; ती आणि दर्शना एकाच एसटीने माणगावला जायच्या आणि कोर्टात वेगवेगळ्या बाकांवर बसायच्या. विरुद्ध पक्षाशी बोलायचं नाही, असं सारिकाच्या वकिलाने बजावलं होतं. शेवटी दर्शनाच्या जबाबामुळे कंपनीला माघार घेणं भाग पडलं. तडजोडीत मंगेशला आयुष्यभराच्या औषधपाण्याची सोय होईल एवढी भरपाई मिळाली.

त्या दिवशी बाहेर पडल्यावर सारिका थेट तिच्यापाशी आली. "ताई, आमचं मिटलं. तुझं गो काय?"

तिचं मिटलं नव्हतं. भरपाईची रक्कम कंपनी आता तिच्याकडे मागत होती, करारातल्या त्याच कलमाच्या आधारे. आणि मॅनेजर, किशोर आणि ती, तिघांवरचा खटला उभा होता.

किशोर आता एका हार्डवेअरच्या दुकानात काम करतो. आमच्या भांडणातून बायकोने तसा जबाब दिला, असं सांग, असं त्याचा वकील त्याला पढवतोय, हे तिच्या कानावर आलंय. तो काय सांगणार ते त्याने तिला सांगितलेलं नाही. दोघं एकत्र जेवायला बसतात, भाजीला मीठ कमी पडलं तर तो तसं म्हणतो, आणि कोर्टात काय सांगणार हे ती त्याला विचारत नाही.