डोळ्यांतली अथॉरिटी

आमच्या कोल्हापुरात कुणी एखाद्या गोष्टीबद्दल चार वाक्यं ठणकावून बोलला, की तो त्यातली 'अथॉरिटी' व्हायचा. म्हशीचे दात बघून वय सांगणारा एक अथॉरिटी, कुस्ती निकाली होणार की बरोबरीत सुटणार हे आधीच सांगणारा दुसरा. डोळ्यांतली अथॉरिटी म्हणजे माझा मामा. सत्तरच्या दशकात तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. उचगावहून सायकलनं येताना वाटेत चारजणांच्या पापण्या उलटून बघायचा आणि तिथल्या तिथं निदान सांगून मोकळा व्हायचा. लोकांना डॉक्टरकडं जायचा कंटाळा आणि मामाला बोलायची हौस, त्यामुळं दोघांचं छान जमलं होतं.

आईला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, तेव्हा तिनं अर्थातच मामाला विचारलं. त्यानं डोळ्यांत बॅटरी मारली आणि मोती पिकतोय म्हणून सांगितलं. कच्चा काढत नाहीत, पिकू दे. मी तेव्हा कॉलेजात होते. डॉक्टरांना दाखवू या म्हटलं, तर आईनं मला झटकूनच टाकलं. धाकट्या भावाचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.

ती वाट बघत राहिली. पुढं उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं, तर तिला वाटलं, पिकला एकदाचा. मला हे तिनं हसत सांगितलं होतं.

मोती काढायला म्हणून मिरजेला गेलो, तर डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची नजर गेली ती गेली, आता डाव्यातही सुरुवात झालीय, ऑपरेशन लगेच करायला हवं. परतीच्या एस.टी.त आई म्हणाली, भावाला विचारल्याशिवाय मी डोळ्याला हात लावू देणार नाही.

मला भयंकर संताप आला. कॉलेजच्या डिक्शनरीत 'अथॉरिटी' या शब्दाला दोन अर्थ दिले होते. एक जाणकार, आणि दुसरा, ज्याचा शब्द चालतो तो. मामाचा पहिला अर्थ मिरजेत निकालात निघाला होता. दुसरा आमच्या घरात जसाच्या तसा शाबूत होता.

मामा काही दिवस आमच्याकडं फिरकलाच नाही. शेवटी मीच दुकानात जाऊन त्याला घेऊन आले. तो आत न येता उंबऱ्याशीच बसला.

"अक्का, मला डोळ्यातलं काय बी कळत न्हाय," तो म्हणाला. "मी काचा घासणारा माणूस. तुझा डोळा माझ्यापायी गेला."

"गेला त्यो गेला," आई म्हणाली. "आता जाऊ का नको, एवढं सांग."

"माझं नगं ऐकूस आता."

"मग कुणाचं ऐकू?"

मामा रडायला लागला. मला त्याची कीव आली नाही. ज्या तोंडानं आमचा घात केला, त्याच तोंडाकडं मी एका शब्दासाठी आशेनं बघत होते.

"जा," तो कसाबसा म्हणाला. "उद्याच जा."

आई लगेच उठली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली. तिची सगळी काळजी मिटली होती. तो 'थांब' म्हणाला असता, तर ती तितक्याच निर्धास्तपणे थांबली असती.