टिचकीमावशीचे कान

कुणाच्या घरी गेल्यावर चहाआधी कप वाजवून बघणारी बाई जगात एकच असावी, आणि तिला सगळे टिचकीमावशी म्हणतात. लेकीचं लग्न ठरल्यावर ती पहिल्यांदा विहिणीकडे गेली, तेव्हा विहिणीने खास नवा सेट काढला होता. मावशीने सवयीने सहाही रिकामे कप बोटांवर तोलले, एकेक टिचकी मारली आणि दोन बाजूला सरकवले. "हे दोन नका वापरू, आतून तडकलेत." विहिणीचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. लेक टेबलाखालून आईचा पाय दाबत होती, पण मावशी असल्या खाणाखुणांना कधीच दाद देत नाही. पंधरा दिवसांत त्यातल्या एका कपाने व्याह्यांच्या मांडीवर गरम चहा सांडला. तेव्हापासून विहीण भांडी घ्यायला निघाली की मावशीला बरोबर नेते.

कपबश्यांच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं हेच करत आली होती. भट्टीतून भाजून आलेला कप डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर ठेवायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी काडीने त्याच्या कडेवर हलकेच मारायचं. कप धड असेल तर खणखणीत वाजतो. आत केसाएवढी चीर असेल तर बद्द वाजतो, मग तो वरून कितीही देखणा असो. एका पाळीत हजारभर कप व्हायचे. पूर्वी त्या खोलीत आठ जणी बसत. एकेक निवृत्त होत गेली, जागा काही भरल्या गेल्या नाहीत, आणि शेवटी एकच स्टूल उरलं. त्या स्टुलावर मावशीचा एवढा जीव की तिथे दुसरं कुणी घटकाभर टेकलं तरी तिच्या कपाळावर आठी पडायची.

अडचण एवढीच होती, की मावशीला ऐकू येत नव्हतं.

भिंतीपलीकडे भट्टीचे पंखे, अलीकडे लोखंडी गाड्यांचा खडखडाट. पंचवीस वर्षांत त्या आवाजाने तिचे कान कुरतडत नेले आणि सहा वर्षांपूर्वी उरलंसुरलंही संपवलं. हे गुपित तिने मोठ्या हिकमतीने सांभाळलं होतं. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचं, नाहीच कळलं तर "तुमचंही बरोबर आहे" म्हणून मान हलवायची. एवढ्यावर माणसाचं किती भागतं, हे तिचं तिलाच आश्चर्य वाटायचं. मुकादमाला तर तिच्यासारखं समंजस माणूस कारखान्यात दुसरं दिसत नव्हतं. घरी नवरा, म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, शेजाऱ्यांना सांगायचा, "बायको माझं ऐकतच नाही." शेजारी म्हणायचे, "आमची तरी कुठे ऐकते?" झालं, कुणाला शंकाही आली नाही.

आणि अशात मशीन आलं.

त्याच्याबरोबर ते बसवणारी इंजिनिअर मुलगी आली. केसांत पेन्सिल खोचलेली, बोलणं भराभर. तिच्या ओठांवरून शब्द पकडायचे म्हणजे धावत्या बसमध्ये चढण्यासारखं होतं. मशीनमध्ये एक छोटी हातोडी कपाला मारी आणि वरचा माईक आवाज ऐकून निकाल देई. निदान तसं ठरलं होतं. पण पंख्यांच्या गोंगाटात माईकचं डोकंच फिरलं. त्याने पहिल्या दिवशी चांगले चारशे कप नापास केले आणि फुटके तेवढे प्रेमाने पास केले. मावशीला मनातून गुदगुल्या झाल्या. मशीन पण आपल्याच जातीचं निघालं, कानांनी गेलेलं.

पण तिचा आनंद गुरुवारपर्यंतच टिकला. मशीनवाली येऊन समोर उभी राहिली आणि नेमकं सावकाश बोलली, "मावशी, तुमचं एवढं अचूक येतं, म्हणजे तुमच्या कानांना नक्की कुठला आवाज कळतो ते मला मोजायला हवं. उद्या तुमच्या कानांची तपासणी करू."

मावशीने मनात हिशोब केला. कान नापास झाले की स्टूल गेलं. मग पॅकिंगमध्ये बसून पेट्यांत भुसा भरायचा, किंवा सरळ घरी. भुशाचंही तिला फार नव्हतं. पण एकतीस वर्षं जिच्या शब्दावर कप पास झाले, ती बहिरी होती म्हणून लोक हसणार, ह्या विचाराने तिला भाकरी गोड लागेना.

शुक्रवारी मशीनवालीने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की हात वर करायचा. मावशीने खोलीत पाऊल टाकताच हेरलं होतं, की मुलीच्या मागे, जरा बाजूला काचेचं कपाट आहे आणि उघड्या लॅपटॉपआडची तिची बोटं काचेत लख्ख दिसतात. बोट बटणावर पडलं की मावशीचा हात वर. काम फत्ते चाललं होतं. मशीनवाली खूश होऊन मान डोलावत होती. एवढ्यात तिच्या आईचा निरोप आला. तपासणी थांबवून तिने त्याच बटणांवर "उशीर होईल, जेवून घे" एवढं टाइप केलं, आणि वर बघते तर समोर मावशीचा हात कवायतीसारखा वरखाली चाललेला.

तिने काचेकडे वळून पाहिलं. मग हेडफोन काढून ठेवले. "मावशी, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"नाही येत," मावशी म्हणाली. सहा वर्षांत हे वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती. बोलून झाल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती भूक. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

"मग कप कसे कळतात?"

आता हे काय सांगायचं? मावशीने तिला हाताला धरून कप तपासायच्या खोलीत नेलं, स्वतःच्या स्टुलावर बसवलं, तिच्या बोटांवर कप ठेवला आणि टिचकी मारली. "डोळे मिटा. मुंग्या कुठवर जातात बघा." चांगल्या कपाच्या मुंग्या मनगटापर्यंत गेल्या. तडकलेल्याच्या बोटांतच विरल्या. मशीनवालीने तीन वेळा करून पाहिलं, चौथ्यांदा कप न बघता बरोबर सांगितला आणि स्वतःशीच हसत सुटली.

पुढच्या आठवड्यात तिने माईक काढून टाकला आणि कप जिथे टेकतो तिथे थरथर ओळखणारी चकती बसवली. मशीन सुतासारखं सरळ झालं. कारखान्यातल्या सगळ्यांच्याच कानांची तपासणी झाली, भट्टीवरचे सात जण नापास निघाले, आणि मग कुठे पंख्यांना आवरण आणि माणसांना कानात घालायला बोळे मिळाले. मोठ्या साहेबांनी मात्र मशीनवालीला विचारलंच, की बहिऱ्या बाईला आता कशाला ठेवायचं? ती म्हणाली, "साहेब, मशीनला गोल कप तेवढे कळतात. किटल्या, झाकणं, नवे नमुने त्याला कोण शिकवणार? मला तर येत नाही." त्यामुळे कप मशीनकडे गेले आणि किटल्या मावशीकडे. हजार कपांची सवय असलेल्या हातांना दीडशे किटल्या म्हणजे सुट्टीच. कधीकधी तिला कपांची आठवण येते, ती काही लपवत नाही.

गुपित फुटलं त्या शुक्रवारी ती घरी गेली, तेव्हा नवरा भाजी निवडत बसला होता. मावशीने चपलाही काढल्या नाहीत. "अहो, मला सहा वर्षं ऐकू येत नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या ओठांकडे बघत उभी राहिली.

 मग तिला नीट दिसेल असं एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "मला वाटलं, निवृत्त होऊन मी घरात बसलो, म्हणून तू माझ्यावर रागावलीस. म्हणून तर हे भाजी निवडणं, केर काढणं शिकलो."

मावशी मटकन त्याच्याजवळ बसली. त्याच्या हातातली जुडी घेऊन तिने अर्धी स्वतःपुढे ठेवली. जरा वेळाने ती परत त्याच्यापुढे सरकवली. "निवडा," ती म्हणाली. "छान निवडता. आणि सहा वर्षांत काय काय बोलला असाल ते सांगायला लागा. तोंड माझ्याकडे करून."