विहिरीजवळच्या झाडाचा बहार

वलगावला माझ्या थोरल्या भावाची संत्र्याची बाग आहे. त्या वर्षी विहिरीजवळच्या झाडाला इतकी फळं लागली, की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. भावाने गावभर सांगितलं. पोळ्यानंतर आठ दिवसांनी बागेतच त्याचा सत्कार ठरला. मंडप, शाल, नारळ, अकोल्याहून येणारे प्रमुख पाहुणे आणि फलकावर त्या झाडाचा फोटो. फोटो मी काढणार होतो. अमरावतीच्या कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस घरात असला की त्याच्या वाट्याला असली कामं येतात.

फोटो काढत होतो तेव्हा वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. झाडाचं कलम त्यांनी माहेराहून, हिवरखेडहून आणलेलं. झाड त्यांचंच समजलं जाई.

"भाऊजी, हे झाड मरून राह्यलं, अन् तुमी फोटो काहाडून राह्यले."

"मरणारं झाड इतकं फळतं का, वहिनी?"

"मरणारंच फळते. पानं पाहा ना जरा."

पानं विरळ होती, पिवळी पडलेली. बुंध्याजवळची माती हाताने उकरली तर साल ओली, डिंक ओघळलेला, आणि बारीक मुळं बोटांत कुस्करली गेली. मला लाज वाटली. दरवर्षी मी वर्गात हेच सांगत आलो होतो: जीवाजवळ शिदोरी एकच असते. ती स्वतःच्या जगण्यावर खर्चली तर पिलांना कमी पडते, पिलांवर उधळली तर आपण उरत नाही. आणि आता आपलं काही खरं नाही अशी वेळ आली, की काही जीव असेल नसेल ते सगळं बियांत ओततात. परीक्षेत हा प्रश्न मी न चुकता विचारत असे. झाडाने तो मलाच विचारला, तेव्हा मी उजेड कुठून येतो ते बघत होतो.

वहिनींचं म्हणणं, फळं आजच उतरवा, डिंक खरवडून बोर्डो मलम लावा, झाड वाचेल. भावाचं म्हणणं, आठ दिवस थांब.

"पाव्हणे कोणतं झाड पाहातीन मंग?"

"पाव्हणे एक दिस येतीन अन् जातीन. झाडाले रोज उभं राहा लागते."

"तुले काय समजते त्यातलं? प्रोफेसरसाहेब, सांग बाप्पा हिले."

असाच एकदा त्याने माझ्याकडे निवाडा मागितला होता. धाकट्या मुलीच्या वेळी बाळंतपणात वहिनी मरता मरता वाचल्या होत्या, आणि वर्ष उलटतं न उलटतं तोच घरात मुलासाठी तिसऱ्यांदा बघू, अशी कुजबुज सुरू झाली. वहिनी म्हणाल्या होत्या, "मी जगली तं या दोघी जगतीन." भावाने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा नवा प्राध्यापक. 'हा तुमचा दोघांचा प्रश्न' असं काहीतरी सुसंस्कृत बोलून मी अमरावतीची बस पकडली. वहिनी एकट्याच अडून राहिल्या, आणि टिकल्या.

या वेळी म्हणालो, "फळं तोड."

"अन् मंडप?"

"फाटकाजवळ टाक."

भाऊ धुसफुसत गेला आणि टोपली घेऊन आला. संध्याकाळपर्यंत विहिरीच्या काठाला लिंबाएवढ्या हिरव्या फळांचा ढीग लागला होता. झाडाखाली टेकू तेवढे उरले.

सत्काराच्या दिवशी पाहुण्यांनी फलकाकडे पाहिलं, फाटकाजवळच्या झाडाकडे पाहिलं, आणि 'या ऐतिहासिक वृक्षाच्या साक्षीने' अशी सुरुवात करून भरपूर वेळ भाषण केलं. त्या वृक्षाला जेमतेम तीस फळं असतील. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांच्याकडे बघून शेवटी भावालाही हसू आवरेना. शाल घेताना तो हसला, ते सगळ्यांना विनय वाटलं.

दिवाळीनंतर विहिरीजवळच्या झाडाला थोडी नवती, कोवळी पालवी फुटली. पुढे थंडीत, फूल यावं म्हणून बागेचं पाणी तोडतात, झाडांना ताण देतात. भावाने त्या एका झाडाचं पाणी चालू ठेवलं. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"विहिरीजवळचं झाड हिरवंगार आहे बाप्पा. फळ एक नाही!"

पोरगी पास झाल्याचं सांगावं तसा आवाज होता. मागून वहिनी ओरडल्या, "त्यायले म्हणा, आता या फोटो काहाडाले."