उजव्या काखेचा निकाल

आमच्या घरात शास्त्राचा पहिला प्रयोग झाला तो माझ्या काखेत.

माझी ननंद सारिका बीडला सायन्सला हाय. तिला कॉलेजात प्रोजेक्ट दिलता, की डिओ लावल्यानं काखेचा वास खरंच जातो का नुसतं नावच. तिनं एक रोलऑन आनला, गोळी फिरती तो, आन् सोबत तुरटीचा खडा. उजव्या काखेत रोलऑन, डाव्या काखेत तुरटी, दोन्हीकडं एकेक पांढरं फडकं दाबून दिवसभर काम करायचं आन् संध्याकाळी फडकी हुंगायची. हुंगनार कोन, तर माझी सासू, आत्याबाई. त्यांचं नाक आख्ख्या गल्लीत नावाजलेलं. दूध नासायच्या आधी त्या सांगत्यात. भिंतीपलीकडं कोनत्या डाळीला फोडनी बसली ते बी सांगत्यात.

आन् घाम कुनाचा? माझा आन् आमच्या ह्यांचा. हे पिकअप चालवत्यात, ह्यांना म्हनलं आंघोळीला साबन लावायचा न्हाई, तर मानूस खुश झाला. मी बी व्हय म्हनले. (मला कुनी काही सांगितलं की मी आधी व्हय म्हनते आन् मग भिते.) पन खरं सांगू का, मला तो रोलऑन मनातून पाहिजेच होता. शाळेत असताना बाकावरच्या पोरीनं एकदा माझ्याकडं बघून नाक दाबलतं. तवापासून चारचौघात हात वर करून केस बांधायची बी मला चोरी. आठवीतून शाळा सुटली, पन ते दाबलेलं नाक काही डोक्यातून सुटलं न्हाई. बाटलीवर विंग्रजीत कायबाय लिवलतं, सारिकानं वाचून दाखवलं, दोन दिवस घाम न्हाई का वास न्हाई. मी दोनदा जास्तच फिरवला.

अकरा वाजता मी लेकराला पाजायला घेतलं. पोरगी पाच महिन्यांची, नाव आरोही, आत्याबाई आरू म्हनत्यात. डावीकडं प्याली. उजवीकडं वळवली तर तिनं तोंड फिरवलं. पुन्हा लावली, पुन्हा फिरवलं, मग पाठ ताठ केली आन् अशी रडायला लागली आन् माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं बसस्टँडवर कुन्या परक्या बाईनंच उचललंय.

घसा बसला का हिचा, कान दुखतोय का, दूध नासलं का, का माझ्यातच काही बिघडलं, आन् अर्धंच कसं बिघडलं, मी एका दमात सगळं आत्याबाईंना इचारलं. त्यांनी लेकराकडं बघितलं आन् नजर लागली म्हनून सांगून टाकलं.

मी म्हनले, "आत्याबाई, नजर एकाच बाजूला कशी लागंल?"

त्यांनी थोडा इचार केला. "काल कौशी कोन्या बाजूला बसलती?"

कौशाकाकू म्हंजी शेजारीन. बसलती ती उजव्याच बाजूला. झालं, नजर पक्की! मीठमिरच्या उतरवल्या, त्या बी नेमक्या उजवीकडनं, आन् टाकल्या चुलीत. आता नजर असली तर मिरच्यांचा ठसका लागत न्हाई म्हनत्यात. इथं ठसका असा लागला की आख्खं घर अंगनात येऊन खोकायला लागलं. कौशाकाकूच पानी घेऊन पळत आली, काय जळलं गं म्हनून. तिच्याच हातचं पानी पिताना आमच्या दोघींची मान काही वर झाली न्हाई.

दुपारपतूर माझी उजवी बाजू दूध साचून दगडावानी झाली, हात लावू देईना. मी ह्यांना फोन केला. हे मांजरसुंब्याहून गाडी वळवून आले आन् आमी वडवनीला डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, वजन केलं. लेकरू ठनठनीत. मग त्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "बाई, काही नवीन खाल्लं का? काही नवीन लावलं का अंगाला?"

आता इथंच बोलायचं होतं. पन समोर डॉक्टर पडले बाप्यामानूस, दाराशी कंपाउंडर, बाकावर तीन बाया, आन् शब्द कोनता, तर काख. तोंडातून निघायलाच तयार न्हाई. मी म्हनले, "न्हाई."

ह्यांनी तरी सांगावं का न्हाई? पन ह्यांच्या दोन्ही काखांत फडकी. ती पडू नयेत म्हनून हात अंगाला चिकटवून मानूस खांबावानी उभा. डॉक्टरांनी उलट त्यांनाच इचारलं, खांदे दुखतेत का. आन् लेकराला तपासायला नेऊन आमी परत आलो ते ह्यांच्या खांद्याचं मलम घेऊन.

घरी आले तर सारिका फडक्यांसाठी वाट बघत बसलेली. तिचं बी खरं होतं, दुसऱ्या दिवशी वही द्यायची होती. मी लेकरू मांडीवर घेऊन भिंतीला टेकले, जीव थाऱ्यावर न्हाई. सारिकानं आत्याबाईंच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, म्हंजी कुनाचं फडकं ते कळू नये. (सरांनी तसं सांगितलतं. सरांनी आत्याबाईंचं नाक बघितलं नव्हतं.)

पहिलं फडकं नाकापाशी गेलं न गेलं तोच त्या म्हनल्या, "डिझेल. हा आपला बाळू." बाळू म्हंजी आमचे हे.

दुसरं हुंगलं. "हा बी बाळूच. पन नटून कुठं निघालाय?"

तिसरं माझं, डाव्या काखेतलं. ते त्यांनी जरा जास्त येळ धरलं. "ही सूनबाई. चुलीचा धूर, मेथीची भाजी, आन् लेकराचं दूध."

मी बघतच राहिले. ज्याला मी जलमभर घान म्हनत आले त्याच्यात एवढं सगळं होतं, हे मला कुनी सांगितलंच नव्हतं.

मग चौथं. आत्याबाईंनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"ही कोन बाई? ही आपल्या घरातली न्हाई."

सारिका खुशीत लिहीत होती, वास गायब, रोलऑन पास. आत्याबाईंनी डोळ्यावरचा टॉवेल काढला. माझ्याकडं बघितलं, मांडीवरच्या लेकराकडं बघितलं. "उजवं का?" मी मान हलवली. त्या हळूच म्हनल्या, "काखंत कळसा आन् गावाला वळसा. वडवनीपतूर जाऊन आलीस गं बाई."

मी न्हानीत पळाले. साबन लावला, शिकेकाई लावली, डाळीचं पीठ चोळलं. लेकराला घेतलं, तिनं नाक लावलं आन् पुन्हा तोंड फिरवलं. बाटलीवर लिवलेलं सगळं खरं निघालं, तेच माझं नशीब! रात्री उजवीकडचं दूध हातानं वाटीत काढलं आन् चमच्यानं पाजलं. प्याली. पन चमच्यानं पिताना बी ती मान वळवून मलाच हुडकत होती, आन् मी तर तिथंच, तिला धरून बसलेली.

सकाळी आत्याबाईंनी पंखा बंद केला आन् मला चुलीपुढं बसवलं. म्हनल्या, घाम येऊ दे. गल्लीभराच्या भाकरी थापून घेतल्या माझ्याकडनं. डावीकडनं बिंदुसरा नदी वाहायला लागली, उजवीकडं दुष्काळ. दर अर्ध्या तासाला आत्याबाई यायच्या, माझा हात वर करून हुंगायच्या, "न्हाई अजून" म्हनून जायच्या. कौशाकाकू बी येऊन हुंगून गेली. हे गाडीवरनं फोन करून इचारायचे, आला का? मी म्हनायचे, न्हाई आला. गाडीत शेजारी बसलेल्या मानसाला वाटलं असंल, घरी कुनी पाव्हना यायचाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी हुंगलं आन् त्यांचे डोळेच भरले. "आला गं."

मी आरूला घेतलं. तिनं नाक माझ्या काखेपाशी घुसवलं, जराशी थांबली, आन् मग असं तोंड उघडलं की बास. ती पीत होती आन् मी रडत होते. तिला अजून माझं नाव घेता येत न्हाई. तिनं माझं नाव तिथं लिहून ठिवलतं आन् मी ते पुसून टाकलतं, ते बी दोनदा जास्तच.

तवापासून मी भ्यायची थांबले असं न्हाई, पन एक शब्द मात्र बिनघोर बोलते. आता गल्लीतली कुनी लेकुरवाळी तोंड पाडून दारात आली की मी तिला उंबऱ्यावरच धरते. परवा कौशाकाकूची सून आली. मी पदर खोचून पुढं झाले, इचारलं, "खरं सांग, काखंत काय लावलंय?"

ती दोन पावलं मागं सरकली. म्हनली, "वहिनी, मी दह्याला इरजन मागायला आलते."